वैमानिकाची वृत्ती कशी घडते?

जळगाव जिल्ह्यातील विमानतळाची २०२१ मध्ये नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी निवड झाली आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर येथेही असे प्रशिक्षण मिळते. त्यामुळे वैमानिक होण्याची वाट खानदेशातील तरुणांच्या जवळ आली आहे. व्यावसायिक परवान्यासाठी लेखी परीक्षा, वैद्यकीय पात्रता आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते; परंतु या अटींतून उमेदवाराची वृत्ती, म्हणजे धोका, नियम आणि सहकारी यांच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी, पुरेशी कळत नाही. म्हणूनच हवाई दलाच्या निवडीत वैमानिक क्षमता चाचणीबरोबर मानसशास्त्रीय चाचण्या आणि गटकार्य यांतून स्वभावही पारखला जातो.

प्रशिक्षणशास्त्र पाच वृत्ती घातक मानते: नियम न जुमानणे, उतावळेपणा, आपल्याला काही होणार नाही हा भ्रम, धाडसाचे प्रदर्शन आणि हताशपणा. १९७७ मध्ये टेनेरिफ येथे दोन विमानांच्या टकरीत ५८३ जण मृत्युमुखी पडले. धावपट्टी मोकळी आहे का, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका तेथे कॅप्टनने बाजूला सारली होती. अशा अपघातांतून वैमानिकांच्या परस्पर समन्वयाचे प्रशिक्षण रुजले, ज्यात कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, हे शिकवले जाते. हवामान बिघडताच उड्डाण रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रशिक्षकाने शाबासकी द्यावी, कारण प्रशिक्षक ज्या वर्तनाचा गौरव करतो, तेच पुढे वैमानिकाच्या अंगवळणी पडते.