चार प्राध्यापकांचे पत्र

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच!

सप्टेंबर १९७९ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी थेट सरन्यायाधीशांनाच खुले पत्र लिहिले. पत्रातला मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे होकार देणे नव्हे. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीतल्या पोलिसांपुढे एका गरीब मुलीने ओरडायचे तरी कुणाच्या भरवशावर?

पत्रामुळे स्त्री संघटना पेटून उठल्या, मोर्चे निघाले. अखेर १९८३ मध्ये कायदा बदलला. पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ आले. पोलीस कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, की न्यायालय तसेच गृहीत धरते. ते खोटे ठरवण्याची जबाबदारी आता आरोपीवर असते.