चौक कोणाचा?

श्रोतेहो, आज मी आपणांसमोर कोणी विद्वान म्हणून बोलावयास आलेलों नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें सारें आयुष्य मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत घालविलेला मी एक निवृत्त शाळामास्तर. छत्रपती संभाजीनगर येथें, म्हणजे २०२३ पूर्वीं ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहरांत, माझें लहानसें घर आहे. आमच्या वसाहतींत बहुतेक घरें माझ्यासारख्या निवृत्तांचींच. मुलें पुण्यास, मुंबईस अगर परदेशीं. घरीं दोन म्हातारीं माणसें. आणि सर्व घरांच्या मधोमध एक मोकळा चौक. या चौकावर सदनिकांची इमारत उठवावी कीं नाहीं, यावरून गेल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे मोठा वाद माजला. त्या वादाची हकीगत आज सांगावयाची आहे.

चौक म्हणजे फार मोठें स्थळ नव्हे. तीन कडुनिंब, चार बांक, आणि पावसाळ्यानंतर महिना दोन महिने टिकणारें गवत. सकाळीं आम्ही तेथें फेऱ्या मारतों, भाद्रपदांत गणपति तेथेंच बसतो, आणि आमच्यापैकीं कोणी कायमचा निघाला म्हणजे त्याची तिरडीही घटकाभर तेथेंच टेकते. संध्याकाळीं मात्र चौक आमचा रहात नाहीं. पलीकडील गुंठेवारीच्या वस्तींतील मुलें चेंडूफळी घेऊन येतात आणि दिवे लागेपर्यंत हलत नाहींत. त्यांच्या वस्तींत मैदान नाहीं. गुंठ्यागुंठ्यानें जमीन विकली गेली, तेव्हां मैदानापुरतें थांबावें असें कोणासच वाटलें नाहीं.

एका बांधकाम व्यावसायिकानें प्रस्ताव आणिला. चौकाच्या जागीं सात मजली इमारत, खालीं दुकानें. मोबदल्यांत सोसायटीच्या निधीस मोठी रक्कम, रस्त्यांची डागडुजी, आणि सभासदांस कमी दरानें सदनिका. प्रस्ताव ऐकून दोन तट पडले आणि कडुनिंबाखालीं सभा भरली.

प्रथम बोलले तें विरोधक. सावली जाईल, वारा जाईल, मोटारींची गर्दी होईल. पाटबंधारे खात्यांत हयात घालविलेले एक गृहस्थ म्हणाले, "नाथसागर भरलेला असतांही नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनीं पाणी, हें या शहरानें वर्षानुवर्षें सोसलें आहे. त्यांत आणखी पन्नास-साठ बिऱ्हाडें आलीं, तर तीं काय वारा पिऊन रहाणार?" लोक हंसले. मलाही वाटलें, वाद संपला.

इतक्यांत आमच्या आक्का उठल्या. आक्का निवृत्त परिचारिका; एकट्या रहातात. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्हांला चौकाची हवा पाहिजे, मला लिफ्ट पाहिजे. माझें न्हाणीघर खालीं आणि निजण्याची खोली वर. मागें जिन्यावरून पडलें, तर दुपारपर्यंत कोणास पत्ता नाहीं. सदनिकेंत निदान भिंतीपलीकडे माणूस तरी असेल." हंसणारे गप्प झाले.

श्रोतेहो, येथें माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी त्या सभेंत बराच वेळ मौन धरिलें होतें, तें निःपक्षपातीपणानें नव्हे. माझा धाकटा मुलगा याच शहरांत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करतो. कमी दराची सदनिका हे शब्द ऐकल्यापासून माझ्या मनांत हिशेब चालू झाला होता. चौक सर्वांचा हें मी शाळेंत शिकविलें असतें. परंतु घर मुलाचें, हें मला रात्रीं झोपूं देत नव्हतें.

मौन मोडलें तें एका कागदानें. भूमापन खात्यांतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी मंजूर रेखांकनाची प्रत घेऊन आले आणि त्यांनीं 'खुली जागा' या शब्दांवर बोट ठेविलें. ते म्हणाले, "ही जागा उरली म्हणून मोकळी नाहीं. ही मोकळी ठेविली, म्हणून आपल्या घरांना परवानगी मिळाली." २०२० सालीं राज्याच्या बहुतेक भागांस लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलींतही हेंच तत्त्व आहे. ०.४ हेक्टर अगर त्याहून मोठ्या जमिनीचें रेखांकन करतांना सामान्यतः दहा टक्के जागा करमणुकीसाठीं खुली ठेवावी लागते. अंकगणिताच्या मास्तरास हें लवकर उमगतें. एकराचे चाळीस गुंठे. छत्तीस आपले, चार सर्वांचे. छत्तीस गुंठ्यांचा लाभ घेऊन झाल्यावर उरलेले चारही विकावयास काढणें, याला हिशेब म्हणत नाहींत.

न्यायालयांनींही हा विचार मान्य केला आहे. बंगलोर येथें एका विस्तारित वस्तींत उद्यानासाठीं राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठीं देण्यांत आली. तेथील रहिवासी न्यायालयांत गेले आणि १९९१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल त्यांच्या बाजूनें दिला. रुग्णालय ही वाईट वस्तु नव्हे, तशी सदनिकाही नव्हे. प्रश्न चांगल्या-वाईटाचा नसून जागेचा होता.

आमच्या शहरास तर हा धडा नवा नसावा. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी येथें नगर वसविलें, आणि भुयारी नहरींनीं डोंगराकडील पाणी आणून तें सार्वजनिक हौदांत सोडलें. पाणी सर्वांचें, म्हणून हौदाभोंवतालची जागाही सर्वांची. पुढें सिडकोनें नव्या वसाहती आंखल्या, तेव्हां लहान घरांच्या ओळींमध्यें मैदानें राखलीं. घर लहान असलें तरी अंगण सामाईक असावें, हीच त्यांतील कल्पना.

परंतु म्हाताऱ्यांनींही एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत १९६० सालीं 'सन सिटी' नांवाची केवळ वृद्धांची वसाहत उघडली. तेथील रहिवाशांनीं शाळांच्या कर्जरोख्यांस वारंवार विरोध केला. अखेर ती वसाहत शेजारच्या शाळा-विभागांतून वेगळी करण्यांत आली. आमचीं मुलें मोठीं झालीं, आतां दुसऱ्यांच्या मुलांचा भार आम्हांस कशाला, हा तो विचार. तो वाचल्यापासून मला आमच्या सभेंतील दोन्ही पक्ष सारखेच दिसूं लागले. इमारत हवी म्हणणारे आपल्या सोयीसाठीं बोलत होते. नको म्हणणारेही आपल्याच सोयीसाठीं.

शेवटीं मी उठलों आणि प्रथम माझ्या मुलाच्या सदनिकेची गोष्ट सांगून टाकली. मग म्हणालों, "आपण येथें जमलेले सारे मत देऊं. पण या चौकाचा सर्वांत अधिक उपयोग जीं करतात, तीं पलीकडचीं मुलें या सभेंत नाहींत. त्यांस मत नाहीं, आणि त्यांना जावयास दुसरी जागाही नाहीं. कायद्यानें चौक आपणां रहिवाशांसाठीं असेल. म्हणूनच तो विकण्याचा मोह आपल्याला होतो, आणि म्हणूनच तो राखण्याचें ओझेंही आपल्यावर आहे."

ठराव झाला तो असा. चौक द्यावयाचा नाहीं. ज्यांना लिफ्टचें घर हवें, अशा कडेच्या चार-पांच घरवाल्यांनीं आपले भूखंड एकत्र करून तेथें इमारत बांधण्याचा विचार करावा; सोसायटीनें त्यांस साह्य करावें. आणि तोंपर्यंत आक्कांच्या दारीं रोज सकाळीं कोणीतरी हांक मारावी. या शेवटच्या कलमावर मतें घ्यावीं लागलीं नाहींत.

आक्कांनीं ठरावाविरुद्ध हात वर केला. भूखंड एकत्र होण्यास वर्षें लागतील आणि तितकीं वर्षें आपल्याजवळ नाहींत, असें त्या म्हणाल्या. त्याचें उत्तर मजजवळ तेव्हां नव्हतें, आजही नाहीं. चौक वांचला याचा आनंद सांगतांना, त्याची किंमत कोणी दिली हें झांकून ठेवूं नये, एवढेंच मी शिकलों.

आपणांपैकीं ज्यांच्या वसाहतींत असा प्रसंग येईल, त्यांनीं भांडण्यापूर्वीं मंजूर रेखांकनाची प्रत मिळवून वाचावी. शहराच्या विकास आराखड्यांतच बदल होणार असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ३७ व्या कलमानुसार हरकती मागविल्या जातात. त्यासाठीं एक महिन्याची मुदत असते, ती दवडूं नये. आणि सभेंत बोलण्यापूर्वीं आपला स्वतःचा हिशेब आधीं उघड करावा.

रोज सकाळीं हांक मारण्याची या आठवड्यांत माझी पाळी आहे. आक्का दार उघडतात, "जिवंत आहें, मास्तर," असें म्हणतात, आणि चहा देतात. ठरावाबद्दल त्यांनीं मला अजून क्षमा केलेली नाहीं.