डॉक्टरांची फी : थोडे स्पष्ट बोलू या

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावले म्हणजे त्याने स्वच्छता, सकस आहार आणि लसीकरण यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. हे विषय महत्त्वाचेच आहेत, परंतु ते आपण पुष्कळदा ऐकले आहेत. आज मी पैशाविषयी बोलणार आहे. दवाखान्यात हा विषय रोज हजर असतो, पण त्याचे नाव कोणी काढत नाही. डॉक्टर संकोचतात, रुग्ण त्याहून अधिक संकोचतात. या संकोचाची किंमत मात्र शेवटी रुग्णालाच मोजावी लागते.

आपल्या कोकणातल्या लहान दवाखान्याची रीत पाहा. तपासणीची फी वेगळी आणि औषधाची किंमत वेगळी असे पुष्कळ ठिकाणी नसतेच. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या जातात, एखादे इंजेक्शन, आणि सगळ्याची मिळून एक रक्कम. साहजिकच पैसे गोळीचे दिले, सल्ला वर फुकट मिळाला, अशी समजूत होऊन बसते. एखाद्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "साधी सर्दी आहे, औषधाची गरज नाही, चार दिवसांत उतरेल," तर खिशाकडे गेलेला हात थांबतो. "काही दिलं तर नाही, मग पैसे कसले?" आता डॉक्टरलाही दवाखान्याचे भाडे आहे, कंपाउंडरचा पगार आहे. पुढच्या खेपेस तो मुकाट्याने पुडी बांधतो. सलाईनची कथा याहून वाईट. चार घास खाऊ शकणाऱ्या, पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला अशक्तपणासाठी बाटली लावण्यात बहुधा काहीच अर्थ नसतो. पण बाटली दिसते, थेंब मोजता येतात, म्हणून तिचे पैसे आनंदाने दिले जातात. माझे स्पष्ट मत असे की, "हे नको" असे सांगणाऱ्या डॉक्टरला फी द्यायला आपण शिकलो, तर घरखर्चातला औषधपाण्याचा मोठा हिस्सा आपोआप कमी होईल.

फी विचारणे असभ्यपणाचे आहे असे आपल्याकडे मानतात. वस्तुतः नियम उलट आहे. भारतीय वैद्यक परिषदेने 2002 साली ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी जे आचारनियम केले, त्यांत डॉक्टरने आपली फी उपचारापूर्वी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, आणि दवाखान्यात ती फलकावर लावावी असे म्हटले आहे. महाराष्ट्रात खाटा असलेल्या खाजगी रुग्णालयांनीही दर दर्शनी जागी लावावेत असे 2021 च्या नियमांत आहे. तेव्हा "डॉक्टरसाहेब, एकंदर किती होतील?" असे विचारणारा माणूस डॉक्टरचा अपमान करीत नाही. त्या प्रश्नावर चिडणाऱ्या डॉक्टरविषयी मात्र आपण थोडा विचार करावा.

आता उधारीकडे वळतो. एके काळी आपल्या भागातला निम्मा दवाखाना उधारीवर चाले. घरातला पुरुष आखातात किंवा बोटीवर, घरी बायको, मुले आणि म्हातारी माणसे. ड्राफ्ट आला की किराणावाल्याचे, कापडवाल्याचे आणि डॉक्टरचे खाते एकदम फिटे. आता पैसे मोबाईलवरून येतात, पण सगळ्यांच्याच घरी येतात असे नाही, आणि वही अजून गेलेली नाही. उधारीत वाईट काही नाही. वाईट आहे ते न लिहिलेल्या आणि न बोललेल्या उधारीत. सूरह बकरामध्ये उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा सविस्तर हुकूम आहे, आणि त्याच्या दोनच आयती अगोदर तंगीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवड देण्यास सांगितले आहे. लिहावे आणि सवडही द्यावी, अशी ही जोडी आहे. आपण लिहीतही नाही आणि बोलतही नाही, नुसते टाळतो.

हे टाळणे कसे अंगावर येते ते सांगतो. रक्तदाबाचा त्रास असलेली पन्नाशीची एक भगिनी. मागचे काही पैसे राहिले म्हणून तिने आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाणे सोडले. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे तर जुने कागद नाहीत. मग ती रोजची गोळी एक दिवसाआड घेऊ लागली, म्हणजे पाकीट दुप्पट दिवस पुरते. काटकसर म्हणून हिशेब बरोबर होता. एका पहाटे तिचा उजवा हात उचलेना आणि शब्द फुटेना. पुढे मोठ्या शहरातले रुग्णालय, भाड्याची गाडी, गहाण पडलेले दागिने. तिचे मागचे देणे इतके थोडे होते की, कोणताही शहाणा डॉक्टर ते महिन्याच्या हप्त्याने घ्यायला तयार झाला असता, किंबहुना सोडूनही दिले असते. पण तिने विचारले नाही. अशा घरांची संख्या आपल्या मोहल्ल्यात एक नाही, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे.

म्हणून रक्तदाब आणि मधुमेह यांच्याविषयी तीन गोष्टी मनात धराव्यात. ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन यांसारखी जुनी, पारखलेली औषधे आजही वापरात आहेत आणि ती महाग नाहीत. औषधे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने ओळखली जावीत अशी शिफारस हाथी समितीने 1975 सालीच केली होती. 2008 पासून निघालेल्या जनऔषधी दुकानांत हीच औषधे मूळ नावाने, पुष्कळ कमी किमतीत मिळतात. पण तेथे नेण्यासाठी चिठ्ठीवर मूळ नाव हवे, आणि ते लिहून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. दुसरे, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सर्व निःशुल्क आहे. तेथे जाणे कमीपणाचे नाही. तिसरे, पैसे कमी असतील तर गोळी कमी करू नका. डॉक्टरला सांगा.

कट प्रॅक्टिसचा उल्लेखही टाळता येत नाही. रुग्णाला तपासणीसाठी पाठवायचे आणि त्याबद्दल कमिशन घ्यायचे, याला 2002 च्या त्याच नियमांत बंदी आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरील संशोधन जगाला ठाऊक आहे. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी एका तपासणी केंद्राकडून आलेला 1200 रुपयांचा धनादेश परत केला आणि 2013 साली त्याविरुद्ध तक्रार केली. हा माणूस आपल्याच रायगड जिल्ह्यातला. त्या 1200 रुपयांचा भार अखेर रुग्णाच्या बिलावरच पडतो, हे ध्यानात घ्यावे.

सर्वांना एकच फी असावी काय? मला तसे वाटत नाही. हकीम अजमल खान दिल्लीत रुग्णांकडून फी घेत नसत आणि बाहेरगावी संस्थानिकांकडे गेले की दिवसाला एक हजार रुपये घेत, असे त्यांच्याविषयी सांगतात. सधन माणसाने पूर्ण फी द्यावी, म्हणजे गरिबाला सूट देणे डॉक्टरला झेपते. आमच्याकडे घडते उलटेच. मोटारीतून आलेले गृहस्थ ओळखीचा हवाला देऊन फी चुकवतात, आणि मोलमजुरी करणारी बाई पदराच्या गाठीतून मोजून पैसे देते.

मोठ्या आजाराला शासकीय योजना आहेत. 2012 साली राजीव गांधींच्या नावे निघालेली योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 2023 मध्ये ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा आणि तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली घालून दिली. पण पहिली योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. महिन्याची गोळी तीत बसत नाही. शस्त्रक्रियेला लाखो रुपये मिळू शकतात, शस्त्रक्रिया टाळणाऱ्या गोळीला नाही, असा हा विचित्र प्रकार आहे.

येथे जकातीचा विचार सुचतो. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत गरीब आहेत, गरजू आहेत आणि कर्जात बुडालेलेही आहेत. आपली जकात बहुतांशी रमजानमध्ये वाटून संपते, आजार मात्र बारा महिने येतात. आठ-दहा घरांची महिन्याची औषधे वर्षभर चालतील एवढी रक्कम वेगळी ठेवणे जमातीला अवघड नाही. ती कोणाला आणि कशी द्यावी याचा तपशील आलिमांना विचारून ठरवावा.

आणि संस्थेला माझी एक विनंती आहे. योजनेच्या दारात आपली माणसे अडतात ती बहुधा नावापाशी. रेशन कार्डावर "अब्दुल रहमान", आधारवर "अब्दुर्रहेमान". एकीकडे "बी", दुसरीकडे "बेगम". लग्नानंतर आडनाव कोठे बदललेले, कोठे नाही. रुग्ण खाटेवर असताना रुग्णालयातला आरोग्यमित्रदेखील त्यावर फारसे काही करू शकत नाही. हे काम निरोगी असतानाच व्हायला हवे. संस्थेने महिन्यातून एका शुक्रवारी, नमाजनंतर, शाळेचा एक वर्ग उघडा ठेवावा. कागद तपासायला अकरावी-बारावीची मुले-मुली पुरेत, अर्ज भरायला एखादा शिक्षक सोबत असावा. पहिल्या शुक्रवारी प्रत्येक घराने दोनच वस्तू आणाव्यात, रेशन कार्ड आणि घरातल्या सर्वांची आधार कार्डे. मी स्वतः त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद ठेवून येईन.