बाळंतपणाची तयारी आधीच करून ठेवा



गाय गाभण राहिली की आपण महिने मोजतो. विण्याची वेळ आली की गोठ्यात दिवा लावून रात्र जागतो. घरची सून गरोदर असली की मात्र, "बायकांचं बायका बघतील," असं म्हणून पुरुष मंडळी मोकळी होतात. पण गाडी, पैसा आणि निर्णय बहुतेक घरांत पुरुषांच्याच हातात असतो. म्हणून आज हे मुद्दाम सांगायचं आहे.

बाळंतपणात बाई दगावते ती नशिबानं नव्हे. सर्वांत मोठं कारण म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. त्याशिवाय रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुदोष, अडलेलं बाळंतपण आणि अडाण्याकडून केलेला गर्भपात. अंगात मुळातच रक्त कमी असेल तर थोड्या रक्तस्रावानंही बाई खचते. रक्तस्राव जोराचा असेल तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. तेवढ्यात गाडी कुणाची आणि पैसे कुठून, हे ठरत बसलो तर उशीर होतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू भागात आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तेच काम गावोगावी आशाताई करतात.

महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये दर एक लाख जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. म्हणजे हे मृत्यू टळतात. त्यासाठी एवढं करा :

१) पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईंकडे नाव नोंदवा. निदान चार वेळा तपासणी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

२) चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज घ्यावी, पण चहाबरोबर नको. शौचास काळी होते, त्याला घाबरू नये. बाळंतपणानंतरही सहा महिने गोळी चालू ठेवावी.

३) डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला सूज, झटका, अंगावरून रक्त जाणं, ताप, बारा तासांहून लांबलेल्या कळा यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

४) सातव्या महिन्यातच ठरवा : कुठल्या दवाखान्यात जायचं, सोबत कोण, गाडी कुणाची, आणि गरज पडली तर रक्त देणारे दोघे कोण.

५) बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळ जन्मताच आईला दिलेलं इंजेक्शन रक्तस्राव आटोक्यात ठेवतं. घरी आल्यावरही बेचाळीस दिवस तिच्याकडे लक्ष ठेवा.

पेरणीआधी बी-बियाण्याची तयारी आपण करतोच. घरच्या लक्ष्मीसाठीही तशीच तयारी करा.