जस्त आणि स्फुरद यांचे वैर



अध्यक्षाने विषयाचा सर्वांगीण आढावा घ्यावा असा संकेत आहे. तो मी मोडणार आहे. लोखंडाआधी स्वतः झिजून जस्त पत्र्याला गंजू देत नाही, टायरपासून मलमापर्यंत त्याचे ऑक्साइड चालते, हे आपल्याला पाठ आहे. परभणीत बोलायचे तर जस्त आणि स्फुरद यांच्या वैराबद्दल बोलायला हवे.

झिंक सल्फेट अस्सल आहे का, हे ओळखण्याची रीत आपण शेतकरी मेळाव्यात दाखवतो. एका ग्लासात डीएपी या स्फुरदाच्या खताचे गाळून घेतलेले पाणी, दुसऱ्यात झिंक सल्फेटचे. दोन्ही एकत्र केले की दाट पांढरा साका धरतो. नाही धरला, तर पोत्यात मॅग्नेशियम सल्फेट असल्याची शंका घ्यावी. लोक मान डोलावतात आणि पेरणीच्या दिवशी हीच दोन खते एका घमेल्यात कालवतात. ग्लासात जे झाले तेच मग मातीत होते, जस्त तिथेच अडकते आणि मुळांना मिळत नाही. दोष त्यांचा नाही. साका दाखवून आपण गप्प बसतो, पुढचे वाक्य बोलतच नाही.

त्यात आपली काळी जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास. सामू एकाने वाढला की मातीच्या द्रावणातले जस्त सुमारे शंभर पटींनी घटते. म्हणून जमिनीत जस्त असूनही, पिकाला मिळू शकणारे जस्त मोजणाऱ्या डीटीपीए चाचणीत ते किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली भरते आणि मक्याचा कोवळा पोंगा पांढरा पडतो. भाताच्या खैरा रोगामागे जस्ताची उणीव आहे हे पंतनगरला य. ल. नेने यांनी १९६६ साली मांडले. तोवर त्याला रोगच समजत होते. आपल्याकडे अजूनही पांढऱ्या पोंग्यावर बुरशीनाशक मारणारे भेटतात!

हेच वैर पोटातही चालते. धान्यातले फायटेट म्हणजे स्फुरदाचेच संयुग. ते आतड्यात जस्ताला धरून ठेवते. इक्रिसॅट आणि परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली दिलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीत जस्त किलोमागे ३२ मिलिग्रॅम आहे, नेहमीच्या ज्वारीत साधारण २०. तिच्यात फायटेटही कमी आहे, आणि मला हे त्या ३२ पेक्षा मोलाचे वाटते. आंबवल्यानेही फायटेट फुटते. आजीच्या आंबिलीला प्रयोगशाळेने दिलेला हा पाठिंबा पाककृतीच्या पुस्तकांत मात्र सापडत नाही.

जुलाबात मुलांना जस्ताची गोळी द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची २००४ पासूनची शिफारस आहे. त्या वेळी सांगितलेली मात्रा सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस अशी होती. जुलाब थांबले की घरचे गोळी बंद करतात. इथेही राहते ते पुढचे वाक्यच.

तेव्हा सहकाऱ्यांना एकच विनंती. मृद आरोग्य पत्रिकेवरच्या जस्ताच्या आकड्याखाली ठळक अक्षरांत लिहा: ‘झिंक सल्फेट डीएपीत मिसळू नका. शेणखतात मिसळून वेगळे द्या. उभ्या पिकाला द्यायचे तर दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम, सोबत पंचवीस ग्रॅम चुना, आणि फवारणी.’ पुढची पत्रिका छापायला जाण्याआधी हे करा.