साधनांची मर्यादा आणि कागदाचे इमान



मला मिळालेला वेळ मी एकाच विषयासाठी वापरणार आहे. आज पदवी घेऊन निघालेल्या तुमच्यातले नॉटिकल शाखेचे बरेच जण काही वर्षांत थर्ड ऑफिसर होतील, आणि बहुतेक जहाजांवर लाइफबोटी, तराफे, लाइफ जॅकेट, आग विझवण्याची साधने यांची देखभाल थर्ड ऑफिसरकडेच असते. इंजिनाच्या बाजूला जाणाऱ्यांकडे लाइफबोटीचे इंजिन, इमर्जन्सी फायर पंप अशी कामे सुरुवातीलाच येतील. म्हणजे ज्या साधनांवर सगळ्यांचे प्राण अवलंबून, ती जहाजावरच्या सर्वांत नव्या माणसांच्या हाती असतात. म्हणून हे बोलणे तुमच्याशीच व्हायला हवे. माझे म्हणणे असे आहे : साधनच नव्हते म्हणून माणसे बुडाली, हा काळ मोठ्या व्यापारी जहाजांपुरता बराचसा मागे पडला आहे. आता माणसे जातात ती साधन हाताशी असताना. त्या साधनाला काय जमत नाही हे ठाऊक नसते, किंवा त्याच्या अवस्थेबद्दल कागदावर खरे लिहिलेले नसते.

पहिला काळ कसा होता ते आपल्याला माहीत आहे. १९१२ साली टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसे होती आणि लाइफबोटींत जागा ११७८ जणांची. त्या धक्क्यातून १९१४ साली सागरी जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, ज्याला आपण आज सोलास म्हणतो. आपल्या किनाऱ्याने हीच उणीव १७ जुलै १९४७ रोजी भोगली. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि शहराला बातमी लागली ती पोहून आलेल्यांच्या तोंडून. अशा अपघातांवरचा उपाय सरळ होता : साधने वाढवा, बिनतारी यंत्रे बसवा, कायदा करा. तो बऱ्याच अंशी झाला. किनाऱ्यावरच्या छोट्या वाहतुकीत तो अजून पुरता झालेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली तेव्हा प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. पण तुम्ही ज्या जहाजांवर चढणार आहात तिथे साधने असतील, प्रमाणपत्रेही असतील. तिथला प्रश्न दुसरा आहे.

तो प्रश्न जगापुढे उघडा पडला ६ मार्च १९८७ रोजी. हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून निघाली ती पुढचे दार उघडे ठेवून. बंदराबाहेर पडताच गाड्यांच्या डेकवर पाणी शिरले, काही क्षणांत बोट आडवी झाली आणि १९३ माणसे मेली. दार लावण्याचे काम ज्याचे होते तो सहायक बोसन केबिनमध्ये झोपलेला होता. त्या डेकवरून शेवटी गेलेल्या बोसनच्या समजुतीप्रमाणे दार लावणे हे त्याचे काम नव्हते. कॅप्टनला ब्रिजवरून दार दिसत नव्हते, आणि कुणी काही बोलले नाही म्हणजे सर्व ठीक, अशी रीत पडलेली होती. दार बंद की उघडे हे दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा, ही मागणी कंपनीच्याच कॅप्टनांनी आधी केली होती. कार्यालयाने ती उडवून लावली. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने झोपलेल्या माणसाचा दोष झाकला नाही, पण तिथेच थांबलीही नाही. कंपनीच्या संचालकांपर्यंत सगळ्यांच्या ढिलाईवर तिने बोट ठेवले. तीन वर्षांनी, एप्रिल १९९० मध्ये, ओस्लोहून निघालेल्या स्कॅन्डिनेव्हियन स्टार या बोटीला आग लागून १५९ जण गेले. बोट नुकतीच नव्या मार्गावर आणलेली, कर्मचारी घाईने भरलेले. त्यांतल्या अनेकांना ना बोट ठाऊक, ना एकमेकांची भाषा. अशा दुर्घटनांच्या पार्श्वभूमीवर सुरक्षा व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता, आपला आयएसएम कोड, १९९३ साली संमत झाली. १ जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजे, टँकर आणि बल्क कॅरियर यांना, आणि २००२ पासून इतर मालवाहू जहाजांना ती बंधनकारक झाली. तिच्या मुळाशी एक साधा विचार आहे. माणसे दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून जहाजाविषयीचे ज्ञान माणसाबरोबर उतरून जाता कामा नये. आणि जहाजावर दिसलेला धोका कार्यालयातल्या सर्वांत वरच्या माणसापर्यंत पोचायला वाट हवी, म्हणून किनाऱ्यावर एक नेमलेली व्यक्ती हवी.

आता साधनांकडे येतो. ईईबीडी हा सुटकेचा श्वसनसंच तुम्ही सगळ्यांनी डोक्यावर चढवून पाहिला आहे. तो निदान दहा मिनिटे हवा देतो, आणि धुरातून बाहेर पडण्यासाठी आहे. आग विझवायला, किंवा ऑक्सिजन नसलेल्या टाकीत पडलेल्या सहकाऱ्याला काढायला तो मुळीच नाही. त्या कामाचा संच वेगळा, निदान बाराशे लिटर हवेचा. प्रशिक्षणाच्या खोलीत हा फरक सोपा वाटतो. पण टाकीच्या तोंडाशी उभे राहून खाली निपचित पडलेला मित्र दिसतो तेव्हा जवळच्या खोक्यातला ईईबीडी ओढून उतरावेसे वाटणे अगदी माणुसकीचे आहे, आणि तेच जिवावर बेतते. बंद टाकीतले लोखंड गंजताना ऑक्सिजन खाऊन टाकते. कोळसा, लाकूड, धातूचा भंगार हा मालही तेच करतो, आणि होल्डला लागून असलेल्या जिन्याच्या कोंदट जागेतही हवा तशीच मेलेली असते. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. म्हणूनच एकामागोमाग दुसरा, तिसरा उतरतो आणि वाचवायला गेलेलेही परत येत नाहीत. बंद जागेत प्रवेश आणि तिथून सुटका यांची ड्रिल १ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी सक्तीची झाली. त्या ड्रिलमध्ये दोऱ्या आणि स्ट्रेचर यांच्याइतकाच सराव न उतरण्याचाही व्हायला हवा : आधी अलार्म, मग हवेची मोजणी, मग योग्य संच. तोवर हातपाय आवरून उभे राहणे हेसुद्धा शिकावे लागते.

लाइफराफ्टचे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते, कारण तिथे चूक महिनोन्‌महिने सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. जहाज बुडू लागले की हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट चार मीटर खोलीच्या आत पाण्याच्या दाबाने सुटते, तराफ्याचा पट्टा मोकळा होतो आणि ज्यात तराफा बंद असतो तो डबा वर येतो. त्याची पेंटर दोरी वीक लिंकमार्फत जहाजाला अडकवलेली असते. जहाज खाली जाते तशी ती ताणली जाऊन तराफा फुगतो, आणि फुगलेल्या तराफ्याच्या उचलीने वीक लिंक तुटते. ती तुटावी म्हणूनच कमकुवत केलेली आहे. आता कुणी पक्के काम करावे म्हणून ती दोरी सरळ डेकवरच्या कड्याला बांधली, तर तराफा फुगेल आणि जहाजाबरोबर तळाला जाईल. दोरी कुठेच अडकवली नाही, तर डबा न फुगताच वाहून जाईल. पट्टा युनिटला वळसा घालून बांधला, तर तो सुटणारच नाही. तिन्ही चुका बाहेरून नीटनेटक्या दिसतात. चेकलिस्टवर ‘तराफा जागेवर आहे’ असे लिहिले जाते आणि ते खरेही असते. चूक दिसते ती ही मांडणी कशी चालते हे डोक्यात असलेल्याच माणसाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, सत्तरहून अधिक गेली, आणि तराफे निकामी निघाल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. तराफे मोजायला होते.

इंजिन रूममधली आग विझवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचीही गत अशीच. दोन मिनिटांत ८५ टक्के वायू आत सुटेल अशी ती रचना असते, आणि आग गुदमरवणारा वायू माणसालाही गुदमरवतो. म्हणून आधी डोकी मोजायची, वायुवीजन बंद करायचे, इंधनाचे व्हॉल्व्ह बंद करायचे, मगच हात लावायचा. एकदा सोडला की बहुधा दुसरी संधी नसते, आणि आग विझली का हे पाहायला दार लवकर उघडले तर हवा आत जाऊन ती पुन्हा पेटते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मग ड्रिल वाढवा, प्रश्न सुटला. ड्रिल हव्यातच, पण त्या स्वतः निर्धोक नाहीत. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २००१ साली मागच्या दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा लाइफबोटींशी संबंधित अपघातांत १२ खलाशी मेल्याचे दिसले, आणि हे अपघात सराव करताना किंवा साधनांची चाचणी घेताना झाले होते. जीव वाचवायच्या बोटीने जीव घेतले, कारण वजन असताना सुटणारा हूक सरावानंतर पूर्ण मिटलेला नसे आणि ते कुणाच्या लक्षात येत नसे. पुढे नियम बदलले. जुन्या धाटणीचे धोकादायक हूक १ जुलै २०१९ पर्यंत बदलणे भाग झाले. पण या हिशेबाचा अर्थ ड्रिल कमी करा असा होत नाही. बोट खाली सोडण्याआधी हूक मिटलेला कसा दिसतो आणि न मिटलेला कसा, हे ज्याला दाखवता येत नाही त्याच्या हाती लिव्हर देऊ नये, इतकाच होतो.

दुसरा आक्षेप : नियम पाळले, प्रमाणपत्र आहे, आणखी काय करायचे? कोस्टा कॉन्कॉर्डिया ही प्रवासी बोट १३ जानेवारी २०१२ च्या रात्री खडकावर आदळली, ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची जमावाची ड्रिल झालेली नव्हती, आणि तो नियमभंगही नव्हता, कारण तेव्हाचा नियम चोवीस तासांची मुदत देत होता. जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच ड्रिल घ्या, हा नियम २०१५ साली आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये चक्रीवादळात ३३ जणांसह बुडालेल्या एल फारो या अमेरिकी जहाजावर उघड्या लाइफबोटी होत्या. जहाज १९७५ सालचे असल्याने त्या कायदेशीर होत्या. नियम हा मागच्या अपघाताचा धडा असतो. तुमच्यासमोरचे जहाज, तुमच्यासमोरचे हवामान त्याला ठाऊक नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि तो मी टाळणार नाही. जहाजावर वीस-बावीस माणसे, बंदरातले मुक्काम तासांवर आलेले, विश्रांतीचे चोवीस तासांत दहा तास कसेबसे मिळतात, आणि त्यावर फॉर्मचा ढीग. आयएसएम आल्यापासून कागद वाढला हे खरे आहे, आणि त्यातला बराच कागद जहाजाच्या सुरक्षेपेक्षा कार्यालयाच्या बचावासाठी असतो. थकलेला अधिकारी शेवटी केबिनमध्ये बसून न झालेल्या तपासण्यांसमोर खुणा करतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, आणि अन्यायाचे. पण त्या खुणेने काय होते तेही पाहा. कार्यालयाला कळते की वेळ पुरतो, माणसे पुरतात, फॉर्म ठीक आहेत. म्हणजे कामाचा बोजा लपवणारा कागद तो बोजा कायम करतो. न झालेल्या तपासणीसमोर ‘झाली नाही, कारण मनुष्यबळ नव्हते’ असे लिहिले, तरच कुणाला तरी त्याचे उत्तर द्यावे लागते. हेरल्डच्या कंपनीतल्या कॅप्टनांची दिव्याची मागणी कागदावर होती, म्हणून चौकशीला ती सापडली आणि दोष फक्त झोपलेल्या माणसावर थांबला नाही. खरा कागद कनिष्ठांचे रक्षण करतो. खोटा फक्त वरच्यांचे करतो, तोही काही दिवसच.

कनिष्ठाने बोलायचे कसे, हा प्रश्न आपल्या मुलांना अधिक जड जातो, कारण घरात आणि शाळेत मोठ्यांपुढे गप्प राहणे हाच मान असे आपण त्यांना शिकवले. पालक इथे बसले आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. जहाजावरचा सारंग वीस वर्षे समुद्रावर असेल, चीफ ऑफिसर घाईत असेल. तरी टाकीची हवा मोजलेली नाही असे म्हणणे हा उद्धटपणा नाही. आणि सारंगाला विचारणे हा कमीपणाही नाही. तराफ्याचा पट्टा कसा बसतो हे त्याच्या हातांना तुमच्या पुस्तकापेक्षा जास्त कळत असेल. ते विचारून घ्या, पुस्तकाशी पडताळून पाहा, आणि दोघांत फरक दिसला तर गप्प बसू नका.

यंत्रे आता सगळे सांभाळतील असे म्हणणाऱ्यांसाठी २०२५ मधल्या केरळ किनाऱ्याजवळच्या दोन घटना पुरेत. मे महिन्यात एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडाले आणि त्यावरचे २४ च्या २४ जण वाचले. जूनमध्ये न्हावाशेव्याकडे येणाऱ्या वान हाय ५०३ या कंटेनर जहाजाला आग लागली आणि २२ पैकी चार जण बेपत्ता झाले. उपग्रह, तटरक्षक दल, नौदल दोन्ही वेळा होते. पण मदत येईपर्यंतचा वेळ जहाजावरच्या माणसांनाच काढावा लागतो, आणि पेटलेल्या कंटेनरजवळ काय करायचे हे त्यांच्यासाठी दुसरे कुणी ठरवू शकत नाही.

म्हणून जहाजावर चढाल त्या दिवशी, बॅग उघडण्यापूर्वी, आपल्या केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत दोन वाटांनी चालून जा. त्यातली एक डोळे मिटून, भिंतीला हात लावत. पहिल्या आठवड्यात प्रत्येक तराफ्याची दोरी वीक लिंकपर्यंत बोटाने माग काढत पाहा. आणि उतरताना येणाऱ्याला जे हस्तांतराचे टिपण द्याल, त्यात चालू असलेल्या गोष्टींची यादी थोडक्यात आटोपा. बिघडलेले काय, अर्धवट काय, कोणता हूक कडक चालतो, कोणती तपासणी तुमच्याकडून राहिली, ते सगळे नावानिशी लिहा आणि त्याखाली आपली सही करा.