शेवटची भैरवी का खरखरते?

डब्लिनला येताना आई-बाबांच्या एलपी बॅगेतून आणल्या असतील, तर एवढं ऐकाच.

तबकडी कापणारी सुई सरळ रेषेत सरकते. आपल्या प्लेअरची दांडी मात्र कमानीत फिरते. त्यामुळे सुईचा कोन खाचेशी दोनच ठिकाणी अचूक जुळतो: बेअरवाल्डच्या मांडणीत मध्यापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर. आतल्या फेऱ्या लहान, म्हणून चूक शेवटच्या गाण्यात जास्त ऐकू येते.

खुणांचा कागद मापात छापून दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेघांना समांतर करा. ते सरकवलं की सुईचा दाब बदलतो; कंपनीने सांगितलेला दाब पुन्हा लावा. फार हलका ठेवलात तर सुई उडून खाच खरवडते.

घासलेली खाच पुन्हा भरत नाही, श्रोतेहो.